दुहेरीचा कसबी

टेनिस कोर्टाच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या दोन पट्ट्या आखलेल्या असतात. एकेरीच्या सामन्यात त्या पट्टीत पडलेला चेंडू बाहेर, दुहेरीत तोच चेंडू आत. म्हणजे २७ फूट रुंदीचं कोर्ट ३६ फुटांचं होतं आणि जाळीच्या प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोघं उभे राहतात. बदल म्हटला तर एवढाच. पण त्यानं खेळ इतका पालटतो की एकेरीत पहिल्या दोनशेतही कधी न पोहोचलेला खेळाडू दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसू शकतो. रोहन बोपण्णा तसा बसला, आणि तोही वयाच्या ४३व्या वर्षी.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्यानं निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. पुरुषांच्या व्यावसायिक एटीपी दौऱ्यावर दुहेरीची २६ विजेतेपदं, २०१७ मध्ये फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी, आशियाई स्पर्धांत दोन सुवर्णपदकं, पद्मश्री. त्याच्यावर जे काही लिहिलं-बोललं गेलं, त्यात 'चमत्कार' हा शब्द फार वेळा आला. ज्या वयात टेनिसपटू समालोचन करतात त्या वयात हा ग्रँड स्लॅम जिंकतो, म्हणजे चमत्कारच, असा एकूण सूर. मला तो सूर पटत नाही. दुहेरी हा खेळ आतून कसा चालतो हे पाहिलं, की बोपण्णाचं उशिराचं यश समजण्यासारखं आहे. आणि ते समजलं की त्याचं मोल कमी होत नाही, वाढतं.

आधी त्या खेळाकडे पाहू. एकेरीत सर्व्हिस परतवणाऱ्यापुढे मोकळं कोर्ट असतं. दुहेरीत जाळीपाशी हात लांब करून एक माणूस उभा असतो. त्याच्या आवाक्यात चेंडू गेला की गुण गेलाच. त्यामुळे रिटर्न मारायला जागा तीनच उरतात: जाळीवरच्या माणसाला चुकवून तिरका, त्याच्या डोक्यावरून उंच, नाहीतर त्याच्या बगलेतून त्या साडेचार फुटी पट्टीत. तिरका मारला तरी तो खाली राहायला हवा, कारण सर्व्हिस करणाराही पुढे धावत येत असतो. चेंडू त्याच्या पायाशी पडला तर त्याला वाकून, खालून वर उचलावा लागतो आणि उचललेला चेंडू समोरच्यांना मारायला मिळतो. चांगल्या दुहेरीत सगळी धडपड याचीच असते. समोरच्याला चेंडू वर उचलायला लावायचा, आपण मात्र वरून खाली मारायचा.

म्हणून सर्व्हिसची गणितंही वेगळी. एकेरीत सर्व्हिसवर थेट गुण मिळवायचा मोह असतो. दुहेरीत नुसता वेग नाही, जागा महत्त्वाची. कोर्टाच्या मधल्या रेषेवर, ज्याला खेळाडू 'टी' म्हणतात तिथे चेंडू पडला, तर समोरच्याला कोनच मिळत नाही. त्याचा फटका जाळीच्या मधल्या भागावरून येणार हे ठरलेलं, आणि तिथे जोडीदार टपलेला असतोच. हा जोडीदार प्रत्येक गुणाआधी पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, मी जागेवर राहतोय की आडवा जातोय, आणि चेंडू कुठे टाकायचा. काही वेळा तर तो मधल्या रेषेवरच, डोकं जाळीच्या उंचीखाली ठेवून, ओणवा बसतो. सर्व्हिस होते आणि तो डावीकडे किंवा उजवीकडे उसळतो. कुठे, हे त्याला आणि त्याच्या साथीदारालाच माहीत. परतवणाऱ्याला अर्ध्या सेकंदात अंदाज बांधायचा असतो. आता कॅमेऱ्यांच्या काळात खूण पुरत नाही, म्हणून दोघं प्रत्येक गुणाआधी तोंडावर चेंडू धरून कुजबुजतात. टीव्हीवर पाहताना हे वेळकाढूपणाचं वाटतं, पण खरा डाव त्या कुजबुजीतच रचला जातो.

आपल्या कबड्डीत बचाव करणारे दोघं हात धरून साखळी करतात. एक पुढे झाला की दुसऱ्यानं किती सरकायचं हे बोलावं लागत नाही, हातातल्या ओढीवरून कळतं. दुहेरीतल्या चांगल्या जोडीत हात धरलेले नसतात, पण ओढ तीच असते. एक जण बाहेर खेचला गेला की दुसरा मधली जागा भरायला तितकाच सरकतो. दोघांमधलं अंतर वाढलं की मधून वाट पडते. ही ओढ अंगात भिनायला वर्षं लागतात.

हिशोबानं पाहिलं तर एकेरीत एका माणसाला २७ फूट राखायचे असतात, दुहेरीत १८. बहुतेक गुण चार फटक्यांच्या आत संपतात. पायांचा वेग थोडा कमी झाला तरी चालतो. डोळा, हात आणि समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज मात्र कमी होऊन चालत नाही. आणि अंदाज वयाबरोबर वाढतो. कॅनडाचा डॅनियल नेस्टर ४२व्या वर्षी ग्रँड स्लॅमच्या खालोखालची मास्टर्स स्पर्धा जिंकला होता, अमेरिकेचा माइक ब्रायन ४१व्या वर्षी अव्वल स्थानावर होता. बोपण्णानं या दोघांचेही विक्रम मोडले, पण तो त्याच वाटेनं गेला होता.

त्याची सुरुवात मात्र या वाटेवरून झाली नाही. ४ मार्च १९८० चा त्याचा जन्म, बालपण कर्नाटकातल्या कोडगूत. वडील कॉफीचे मळेवाले. मुलानं सांघिक नव्हे, वैयक्तिक खेळ खेळावा अशी त्यांची इच्छा होती. ज्याचं सारं आयुष्य पुढे जोडीदारांबरोबर गेलं, त्याच्या बाबतीत ही गोष्ट मला फार लक्षात राहते. अकराव्या वर्षी त्यानं रॅकेट हातात घेतली. सर्व्हिसला जोर यावा म्हणून लाकडाचे ओंडके फोडणं, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून पळणं, भेगा पडलेल्या कोर्टांवर खेळणं, हे त्यानं निवृत्तीच्या निवेदनात स्वतःच सांगितलं आहे. किशोरवयात तो पुण्याला नंदन बाळ यांच्या अकादमीत आला. टेनिस हे गंभीरपणे करायचं काम आहे, हे घरापासून दूर राहून शिकायचं वय ते.

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध डेव्हिस चषकात त्यानं पदार्पण केलं, तेही एकेरीत. २००३ पासून व्यावसायिक. सहा फूट तीन इंचांच्या आसपासची उंची, एका हाताचा बॅकहँड आणि ओंडके फोडून कमावलेली सर्व्हिस. पण एकेरीत तो जगात २१३व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला, २००७ मध्ये. दोनशेच्या पलीकडे एकेरी खेळून पोट भरणं अवघड. प्रवास, हॉटेल, प्रशिक्षक यांचा खर्च बक्षिसाच्या रकमेच्या पुढे पळतो. खांद्याच्या दुखण्यानंही त्याला सतावलं. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, अमेरिकेच्या एरिक बुटोरॅकबरोबर लॉस एंजेलिसला दुहेरीचं पहिलं एटीपी विजेतेपद आलं आणि दिशा ठरत गेली.

तरी त्याला 'एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरीत' असं म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. सप्टेंबर २०१०, चेन्नई. डेव्हिस चषकाच्या जागतिक गटात राहण्यासाठी ब्राझीलविरुद्धची लढत. पहिल्या दिवशी भारत ०-२ मागे. बोपण्णा स्वतः थॉमस बेलुचीकडून पाच सेटमध्ये हरला होता. मग लिअँडर पेस आणि महेश भूपतीनं दुहेरी जिंकली, बेलुचीनं सामना अर्धवट सोडल्यावर सोमदेव देववर्मनच्या खात्यात विजय जमा झाला, आणि २-२ अशा बरोबरीत पाचवा सामना बोपण्णाकडे आला. समोर रिकार्डो मेलो. चेन्नईच्या उकाड्यात बोपण्णानं त्याला सरळ सेटमध्ये हरवलं. एकेरीचा तो सर्वांत मोठा विजय. देशासाठी एकट्यानं कोर्टावर उभं राहायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला होता.

त्याच महिन्यात, त्या लढतीच्या थोडं आधी, न्यूयॉर्कला आणखी एक गोष्ट घडली होती. लाहोरचा ऐसाम उल हक कुरेशी आणि बोपण्णा अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचले. छोट्या चॅलेंजर स्पर्धांपासून एकत्र खेळत आलेली ही जोडी. त्या वर्षी विम्बल्डनमध्ये दोघं 'युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा' अशा अर्थाची इंग्रजी घोषणा असलेले स्वेटर घालून उतरले होते. वाघा सीमेवर मधोमध जाळी बांधून सामना खेळायची इच्छाही त्यांनी बोलून दाखवली होती. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांतले भारताचे आणि पाकिस्तानचे राजदूत एकमेकांशेजारी बसून सामना पाहत होते. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. बॉब आणि माइक या ब्रायन बंधूंनी दोन टायब्रेकमध्ये अंतिम सामना जिंकला, पण गर्दीची माया या हरलेल्या जोडीवर होती. त्या वर्षी एटीपीचा आर्थर अ‍ॅश यांच्या नावाचा मानवतेसाठीचा पुरस्कार दोघांना मिळाला.

ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीचा पुढचा अंतिम सामना खेळायला बोपण्णाला तेरा वर्षं लागली. ही तेरा वर्षं त्याच्या कारकिर्दीचा खरा गाभा आहेत, आणि दुहेरीच्या धंद्याचीही ओळख तिथेच होते.

दुहेरीत क्रमवारी प्रत्येकाची स्वतंत्र असते. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहून. बेरीज जितकी लहान तितकी आत जाण्याची खात्री. म्हणजे तुमचं यश जोडीदारावर अवलंबून, आणि जोडीदार मिळणं तुमच्या यशावर. वर्षअखेरीला दौऱ्यावर फोन आणि निरोप सुरू होतात. कोण कोणाला सोडतंय, कोण मोकळं आहे, कोणाची सर्व्हिस कोणाच्या रिटर्नला शोभेल. जोडी फुटली म्हणजे भांडण झालं असं समजायचं कारण नाही. पण जोडी जमायला लागणारे महिने पुन्हा शून्यापासून मोजावे लागतात. प्रत्येक नव्या साथीदाराबरोबर तो कधी आडवा जातो, दडपणात कुठे सर्व्हिस टाकतो, हरल्यावर बोलायला हवा असतो की गप्प, हे सगळं नव्यानं शिकायचं. बोपण्णानं महेश भूपतीबरोबर २०१२ मध्ये पॅरिस मास्टर्स जिंकलं आणि वर्षअखेरच्या एटीपी फायनल्सचा अंतिम सामना गाठला. रोमानियाच्या फ्लोरिन मर्जियाबरोबर २०१५ मध्ये माद्रिद जिंकलं आणि पुन्हा एटीपी फायनल्सच्या अंतिम सामन्यात हार. उरुग्वेच्या पाब्लो क्वेवासबरोबर २०१७ मध्ये माँटे कार्लो. २०१३ च्या जुलैत तो जगात तिसरा होता. शिखर दिसत होतं, जोडीदार बदलत होते.

या धंद्यावर एक गंडांतरही येऊन गेलं होतं. २००५ मध्ये एटीपीनं दुहेरीच्या सोडतीत एकेरी खेळणाऱ्यांनाच झुकतं माप द्यायचं ठरवलं. नुसत्या दुहेरीवर जगणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता. ब्रायन बंधूंसह अनेक खेळाडू कोर्टात गेले, टेनिसच्या नव्हे, न्यायालयाच्या. शेवटी तडजोड झाली आणि २००६ पासून दौऱ्यावरच्या दुहेरीचे नियम बदलले. ४०-४० झाल्यावर दोन गुणांची आघाडी घ्यायची गरज नाही, पुढचा एकच गुण निर्णायक, आणि तो कोणत्या बाजूला खेळायचा हे परतवणारी जोडी ठरवते. एकेक सेट झाला की तिसरा सेट नाहीच. दहा गुणांचा सुपर टायब्रेक. ग्रँड स्लॅमची पुरुष दुहेरी या बदलाबाहेर राहिली, पण वर्षभराची भाकरी दौऱ्यावरच कमवायची असते. सामने आखूड झाले, टीव्हीला सोयीचे झाले, आणि दुहेरी वाचली. पण त्यामुळे आठवडाभराची मेहनत दोन-चार गुणांवर येऊन ठेपते. अशा गुणांना ज्याचा हात थरथरत नाही तो टिकतो. पन्नासेक वेळा त्या जागी उभा राहून आलेल्याला इथे पंचविशीतल्या मुलापेक्षा वर असण्याची संधी असते.

पैशाचं काय? २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून ७ लाख ३० हजार. आणि हे ग्रँड स्लॅमचं झालं. लहान स्पर्धांत दुहेरीवाला प्रशिक्षक आणि फिजिओ बरोबर नेऊ शकला तर नशीब. बोपण्णानं ते पदरमोड करून वर्षानुवर्षं केलं. स्कॉट डेव्हिडॉफ हा त्याचा प्रशिक्षक जिंकल्या-हरल्या दिवसांत बरोबर होता.

जोडी हुकमानं जमत नाही, हे भारतीय टेनिसनं दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा त्यात बोपण्णा होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी टेनिस संघटनेला पेस आणि भूपती एकत्र हवे होते. बोपण्णा आणि भूपती त्या वर्षी एकत्र खेळत होते, त्यांनी ऐकलं नाही. चिघळलेलं प्रकरण दोन संघ पाठवून मिटवलं गेलं. बोपण्णा आणि भूपती दुसऱ्याच फेरीत हरले. २०१६ मध्ये रिओसाठी बोपण्णा पहिल्या दहांत असल्यानं जोडीदार निवडायची मुभा त्याला होती. त्यानं साकेत मायनेनीचं नाव दिलं, संघटनेनं लिअँडर पेसचं ठरवलं. ऑलिंपिकआधी पुरेसं एकत्र न खेळलेली ही जोडी पहिल्याच फेरीत पोलंडच्या कुबोट आणि मात्कोवस्कीकडून हरली. या वादांत कोण बरोबर यावर त्या वेळी रकानेच्या रकाने भरले. माझं मत साधं आहे. दोन मोठी नावं शेजारी लिहिली की जोडी होत नाही, आणि हे ज्यांनी ठरवायचं होतं त्यांनी दुहेरीला दुय्यम एकेरी समजण्याची चूक केली. त्याच रिओत सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत बोपण्णा पदकाच्या दारापर्यंत गेला. उपांत्य फेरीत व्हीनस विल्यम्स आणि राजीव राम यांच्याकडून हार, कांस्यपदकाच्या सामन्यात चेक जोडीकडून हार. ऑलिंपिकचं पदक त्याला कधीच मिळालं नाही.

पुढच्या वर्षी पॅरिसला कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्हस्कीबरोबर मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-२ असा फिरला. सुपर टायब्रेकमध्ये दोन मॅच पॉइंट वाचवून १२-१० असा विजय. पेस, भूपती, सानिया यांच्यानंतर ग्रँड स्लॅम जिंकणारा तो चौथा भारतीय.

मग उतार. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं, वेदनाशामक गोळ्यांवर दिवस निघत होते. २०२१ च्या पहिल्या काही महिन्यांत तो एकामागून एक सामने हरला. पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला समुद्राकडे पाहत बसलेला असताना, घरी दोन वर्षांची मुलगी सोडून आपण हे कशासाठी करतोय असं त्याच्या मनात आलं, आणि थांबायचा विचार त्यानं पत्नी सुप्रियाला व्हिडिओ पाठवून कळवलाही होता. हे त्यानं नंतर मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं.

तो थांबला नाही याला बरीच कारणं असतील. एक त्यानं स्वतः पुन्हा पुन्हा सांगितलं, ते म्हणजे अय्यंगार योग. टाळेबंदीच्या काळात त्यानं तो सुरू केला. या पद्धतीत घाई नाही. खुर्ची, पट्टे, लाकडी ठोकळे, भिंतीला बांधलेले दोर यांचा आधार घेऊन एकेका आसनात शरीराची रेष नेमकी लावतात आणि तिथे थांबतात. गुडघ्याचा प्रश्न असेल तर मांडीचे स्नायू, पार्श्वभाग, पावलाचा कोन हे सगळं जागेवर आणून सांध्यावरचा भार वाटून देता येतो. या पद्धतीचे जनक बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातले, १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले आणि पुणेकरच झाले. पद्धत घडली ती इथे. कोडगूचा मुलगा किशोरवयात टेनिस शिकायला पुण्याला येतो आणि चाळिशीत पुण्यात घडलेल्या विद्येनं पुन्हा उभा राहतो, हा योग मला मनापासून आवडतो. झिजलेली कूर्चा परत आली नाही. पण दुखणं गेलं, गोळ्या सुटल्या, पाय पुन्हा विश्वासाचे झाले.

पुण्याशी आणखी एक धागा आहे. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा होत असे. २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर बोपण्णा तिथे जिंकला. ज्यांनी बालेवाडीत दुहेरी पाहिली असेल त्यांना टीव्हीवर न दिसणारी एक गोष्ट ठाऊक आहे: आवाज. चौघं जाळीपाशी आले की चेंडू जमिनीवर पडतच नाही, टप-टप-टप असा चार रॅकेटांवरून जातो, आणि कोणीतरी एक पाऊल मागे टाकतो तिथे गुण संपतो. बोपण्णाची सर्व्हिस पडली की त्या टप-टपची वेळच येत नसे. चेंडूचा तो जड ठोका शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू एब्डन त्याच्या जोडीला आला. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत बोपण्णाचा हा १९वा जोडीदार. एब्डन उंचीनं मध्यम, हातानं अतिशय चपळ, रिटर्न बारीक आणि खाली ठेवणारा. एकाची जड सर्व्हिस, दुसऱ्याचे जाळीवरचे हात. वर बोटांच्या खुणांचं आणि पायाशी टाकलेल्या चेंडूचं जे सांगितलं, ते या जोडीच्या कोणत्याही सामन्यात लावून पाहावं. फेब्रुवारीत दोहा जिंकलं, मार्चमध्ये इंडियन वेल्स. अंतिम सामन्यात कूलहोफ आणि स्कुप्स्कीवर ६-३, २-६, १०-८. तेव्हा बोपण्णा ४३ वर्षांचा, मास्टर्स जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू. पुढच्या वर्षी मायामी जिंकून हा विक्रम त्यानं स्वतःच मोडला.

२०२३ च्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क, तेरा वर्षांनी अंतिम सामना. समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी, आधीचे सलग दोन वर्षांचे विजेते. या सामन्यातला एक क्षण मला निकालापेक्षा मोठा वाटतो. प्रतिस्पर्ध्यांनी मारलेला चेंडू बोपण्णाच्या हाताला निसटता लागून गेला. पंचांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं स्वतःहून सांगितलं आणि गुण सोडला. एवढ्या वर्षांनी हाती आलेल्या अंतिम सामन्यात, जिथे दोन-चार गुणांवर सगळं ठरतं तिथे. सामना ६-२, ३-६, ४-६ असा गेला.

त्यानंतर काही दिवसांतच लखनौला मोरोक्कोविरुद्ध युकी भांबरीबरोबर दुहेरी जिंकून त्यानं डेव्हिस चषकाचा निरोप घेतला. आणि महिनाअखेरीला हांगझोऊची आशियाई स्पर्धा. पुरुष दुहेरीत भारतीय जोडी लवकर हरली होती. मिश्र दुहेरीत त्याच्याबरोबर महाराष्ट्राची ऋतुजा भोसले होती, अमेरिकेत टेक्सासला विद्यापीठाकडून टेनिस खेळलेली. अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीनं पहिला सेट ६-२ नं घेतला. पुढचा भारताकडे ६-३ आणि सुपर टायब्रेक १०-४. नव्या जोडीदाराला आठवड्याभरात सामावून घेणं हे बोपण्णाचं वर्षानुवर्षांचं कसब होतं. ऋतुजाच्या गळ्यातलं सुवर्णपदक ही तिच्या खेळाची कमाई, पण त्या कसबाचाही त्यात वाटा आहे. वर्षाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये सानियाच्या शेवटच्या ग्रँड स्लॅममध्ये तिच्या बाजूला उभा राहिलेलाही तोच होता. चौदा वर्षांची असताना मिश्र दुहेरीत तिचा पहिला जोडीदार रोहनच होता, हे तिनं अंतिम सामना हरल्यावर भरल्या गळ्यानं सांगितलं.

आणि २०२४ चा जानेवारी. ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत अर्जेंटिनाच्या गोन्झालेझ आणि मोल्तेनीला हरवलं तिथेच अव्वल क्रमांक पक्का झाला. उपांत्य सामन्यात मखाच आणि झांग झिझेन या जोडीनं घाम काढला; निर्णायक टायब्रेक १०-७. २७ जानेवारीला अंतिम सामन्यात इटलीचे बोलेली आणि वावासोरी. पहिल्या सेटमध्ये कोणाचीच सर्व्हिस भेदली गेली नाही, आणि मग टायब्रेकमध्ये ७-०. दुसरा सेट ७-५. पुरुष दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकण्याचा त्याचा हा ६१वा प्रयत्न होता. खुल्या युगात इतक्या वयात पुरुषांच्या ग्रँड स्लॅमचा विजेता कोणी झाला नव्हता.

त्यानंतरच्या दीड-पावणेदोन वर्षांत जोडीदार पुन्हा बदलू लागले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीराम बालाजीबरोबर पहिल्या फेरीत हार, आणि देशासाठी खेळणं तिथेच थांबवलं. २०२५ मध्ये माँटे कार्लोला तरुण बेन शेल्टनबरोबर एक सामना जिंकला, जपानच्या ताकेरू युझुकीबरोबर टोकियोत अंतिम सामना गाठला. शेवटचा सामना पॅरिस मास्टर्सचा, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकबरोबर. ५-७, ६-२, आणि सुपर टायब्रेक ८-१०.

त्याच्यामागे काय उरलं, हे पाहायला कारकीर्द संपायची वाट पाहावी लागली नाही. युकी भांबरी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा कुमार गटाचा विजेता होता, पुढे एकेरीत पहिल्या शंभरात पोहोचला. मग गुडघ्याच्या दुखापतीनं वर्षं खाल्ली आणि तो दुहेरीकडे वळला. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर त्यानं उपांत्य फेरी गाठली. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.